स्कूटरचा बेल्ट का तुटतो? डाव्या कव्हरामागची गोष्ट

रायबंदरहून निघालेली फेरी चोडणला लागली तेव्हा पुरती ओहोटी होती. ओहोटीला फेरीबोट खाली बसते आणि धक्क्याचा उतार एरवीपेक्षा जास्त चढ होऊन समोर येतो. ऑगस्ट महिना, त्यामुळे उतारावर शेवाळ. पुढच्या दोन मोटारसायकली गेल्या, मी रेस दिली. इंजिन ओरडलं, स्कूटर जागची हलली नाही. मग रबर जळल्याचा वास आला आणि डाव्या बाजूने फटफट असा आवाज. मागच्या दोघांनी ढकलून मला वर काढलं. दिवा लागत होता, इंजिन झकास चालू होतं, मागच्या चाकाला मात्र त्याची खबरच नव्हती.

सात महिन्यांत तुटलेला हा दुसरा बेल्ट. पहिला २६ हजार किलोमीटर चालून तुटला होता, म्हणजे पिकलं पान गळालं म्हणायचं. दुसरा जेमतेम चार हजार चालला. पहिल्या वेळी ज्या गॅरेजात गेले तिथे तुटलेला काढला, नवा घातला, पैसे घेतले. बेल्ट का तुटला हे त्यांनी पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या वेळी डिचोलीतल्या एका म्हाताऱ्या फिटरकडे स्कूटर गेली. त्यांनी कव्हर उघडलं, आत बोट फिरवलं आणि ते काळं चिकट बोट माझ्यासमोर धरून म्हणाले, “ताई, बेल्टचा काय दोष? बेल्ट मेलाय. मारणारा दुसराच आहे.”

मला सांगायचंय ते एवढंच. पण त्यासाठी त्या कव्हरामागे काय चालतं ते आधी नीट बघायला हवं.

गिअर नाहीत, असं नाही

आपण ‘बिनगिअरची स्कूटर’ म्हणतो. खरं तर तिच्यात गिअर आहेत, आणि तेही मोजता न येण्याइतके. आपल्याकडे ही सोय घरोघरी ओळखीची केली ती १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने. २००१ साली ॲक्टिव्हा आली आणि मग गोव्यात काय, सगळीकडेच बेल्टवाल्या स्कूटरींचं राज्य झालं. मूळ कल्पना त्याहून जुनी. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली चक्क मोटारगाडीत रबरी पट्टे घालून ती चालवली होती.

कल्पना अशी. स्टीलच्या दोन ताटल्या घ्या आणि त्यांचे तळ एकमेकांसमोर धरा. ताटल्यांच्या कडा मागे वळलेल्या, म्हणून मधल्या फटीचा आकार बाहेर रुंद आणि आत अरुंद होतो. या फटीत पाचरीच्या आकाराचा पट्टा, म्हणजेच आपला बेल्ट, बसवला. ताटल्या लांब असतील तर पट्टा आत खोल, आसाजवळ बसेल. जवळ आणल्या तर तो दाबला जाऊन वर, कडेकडे सरकेल. झाली पुली लहान-मोठी.

स्कूटरमध्ये अशा दोन जोड्या असतात. पुढची इंजिनच्या क्रँकवर, म्हणजे इंजिन फिरवतं त्या दांड्यावर, मागची चाकाच्या बाजूला. पुढच्या जोडीच्या पाठीमागे खोबणींत बहुधा सहा रोलर असतात. इंजिन जोरात फिरू लागलं की पाळण्यात बसलेला माणूस बाहेर फेकला जावा तसे ते बाहेर सरकतात आणि ताटलीला पुढे ढकलतात. पुढे पट्टा वर चढतो. पट्ट्याची लांबी तर वाढत नाही, म्हणून मागच्या ताटल्या स्प्रिंगचा जोर सोसत उघडतात आणि तिथे पट्टा आत जातो. निघताना मागच्या पुलीची एक फेरी व्हायला पुढच्या पुलीला साधारण अडीच फेऱ्या माराव्या लागतात. वेग घेतल्यावर उलटं होतं, मागची पुली पुढचीपेक्षा जास्त फिरते. या दोन टोकांच्या मधलं काहीही चालतं, म्हणून झटका लागत नाही.

मागच्या पुलीवरच क्लच बसतो. इंजिन मंद असताना क्लच शू, म्हणजे त्याचे घासून पकड घेणारे तुकडे, मिटलेले असतात, म्हणून सिग्नलला स्कूटर बंद पडत नाही. रेस वाढली की शू बाहेर फेकले जातात, भोवतीच्या वाटीला, म्हणजे क्लच बेलला, चिकटतात आणि चाक फिरतं. काही इलेक्ट्रिक स्कूटरमध्येही बेल्ट असतो, पण त्याचं काम आणि दुखणी वेगळी. इथे पेट्रोलवाल्या स्कूटरीचंच बोलू.

हा सगळा संसार त्या डाव्या बंद कव्हरात चालतो, आणि पट्टा किती पळतो याचा अंदाज आपल्याला नसतो. मी एकदा चाकाचा घेर, आतले गिअर, पुलीचा घेर असा ढोबळ गुणाकार करून पाहिला. स्कूटर एक किलोमीटर जाते तोवर पट्टा स्वतः दोन-अडीच किलोमीटर पळालेला असतो. पृथ्वीचा घेर सुमारे ४० हजार किलोमीटर. म्हणजे तुमच्या मीटरवर २० हजार झाले तेव्हा त्या पट्ट्याची पृथ्वीप्रदक्षिणा उरकलेली असते, तीही प्रत्येक फेरीत दोनदा वाकून आणि दोनदा सरळ होऊन. तो तुटतो याचं नवल नाही, इतका टिकतो याचं आहे.

घसरतो तो तापतो

पट्ट्याच्या पोटात भक्कम दोऱ्या असतात, ताण त्या सोसतात. भोवती रबर, आतल्या बाजूला वाकायला सोपं जावं म्हणून दाते. पण पकड ना दात्यांची, ना तळाची. पट्टा पुलीला धरतो तो आपल्या दोन्ही तिरक्या कुशींनी. ही पकड पुरेशी असेल तर कुशी सावकाश, इमानाने झिजतात. पकड कमी पडली की पट्टा घसरतो, घसरला की तापतो. तापलेलं रबर कडक होतं, त्याच्या कुशींना चकाकी येते, आणि चकाकी आलेला पट्टा आणखी घसरतो. एकदा हे चक्र सुरू झालं की फार दिवस लागत नाहीत. पट्ट्यांच्या बाबतीत एक ढोबळ हिशेब मानतात: पट्ट्याचं स्वतःचं तापमान नेहमीपेक्षा १० अंशांनी जास्त राहू लागलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं.

म्हणून बेल्ट वाचवायचा म्हणजे दोनच गोष्टी करायच्या. त्याला घसरू द्यायचं नाही, आणि कव्हरातली हवा तापू द्यायची नाही.

माझ्या स्कूटरला काय झालं होतं? फिटरकाकांच्या बोटाला लागलेलं ते काळं म्हणजे इंजिन ऑईल होतं. क्रँक जिथून कव्हरात शिरतो तिथे रबराची एक कडी असते, ऑईल सील. ती म्हातारी होऊन पाझरत होती. थेंबथेंब ऑईल पुलीवर, पुलीवरून पट्ट्यावर. पहिला बेल्ट वयाने गेला असेल, दुसऱ्याला मात्र या गळतीनेच मारलं. सील किरकोळ किमतीचं आणि बेल्ट काही शे रुपयांचा. सील न बदलता तिसरा बेल्ट घातला असता तर चवथीच्या आत पुन्हा ढकलत निघाले असते. मागे गिअर ऑईलच्या बाजूलाही असंच सील असतं, ते गळलं तरी परिणाम तोच. ऑईल प्यालेला बेल्ट पुसून वाचत नाही, रबर फुगतं. तो टाकायचाच. आणि पेट्रोलमध्ये फडकं बुडवून बेल्ट ‘साफ’ करणारा कोणी दिसला तर त्याचा हात धरा. पुलीच्या ताटल्या रसायनाने साफ करायला हरकत नाही, बेल्टला कोरडं फडकं पुरे.

ग्रीसचंही तसंच. मागच्या पुलीच्या आत जिथे खिळ्या सरकतात तिथे थोडं ग्रीस लागतं. काहीजण प्रेमाने मूठभर भरतात. फिरताना ते बाहेर उडतं आणि बरोबर बेल्टवर बसतं.

रोलरकडे लोक बघतच नाहीत. ते गोल असतात तोवर ठीक. वर्षानुवर्षं एकाच खोबणीत घासून त्यांना सपाट खाच पडते, मग ते सरकायच्या ऐवजी अडकतात आणि एकदम सुटतात. स्कूटर एका ठरावीक वेगाला गचके देते ती बऱ्याचदा यामुळे. पुढची ताटली झटक्याने मागेपुढे झाली की मार पट्टाच खातो. पिकअपसाठी मुद्दाम हलके रोलर घालणाऱ्या पोरांना कोण सांगणार की आता त्यांचं इंजिन सदा चढ्या फेऱ्यांत राहणार आणि बेल्ट सदा तापलेला. सांगून झालंय, ऐकत नाहीत.

ताटल्यांवर बोट फिरवून बघा. हाताला कंगोरा लागला, पट्टा जिथे जास्त वेळ बसतो तिथे चर पडलेला असला, तर नवा बेल्टही त्याच चरात अडकणार. अशी पुली बदलावी लागते आणि ते खर्चाचं काम आहे हे मान्य.

आपल्या गोव्याची भर

कंपनीच्या पुस्तकात जो किलोमीटरचा आकडा लिहितात तो सर्वसाधारण रस्त्यांसाठी. बहुतेक गाड्यांना तो २० ते २५ हजारांच्या आसपास असतो, त्याच्या निम्म्यावर एकदा उघडून बघायला सांगतात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तकात बघा. पण पुस्तक लिहिणाऱ्याला डिचोलीची लाल धूळ ठाऊक नसते.

पुढच्या पुलीच्या बाहेरच्या ताटलीला पंख्यासारखी पाती असतात. ती फिरताना बाहेरची हवा आत ओढतात, हवा पट्ट्यावरून फिरते आणि मागून गरम होऊन निघून जाते. बेल्टला गार ठेवायची एवढीच काय ती व्यवस्था. काही मॉडेलांत हवेच्या वाटेवर स्पंजचा छोटा फिल्टर असतो. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांनी जाणाऱ्या स्कूटरीचा हा स्पंज मी पाहिलाय, हातात धरला तर जांभा दगडाचा तुकडा वाटावा. हवा जाणार कुठून? इंजिनच्या एअर फिल्टरची आठवण प्रत्येक सर्व्हिसिंगला होते, याची होत नाही. आत गेलेली धूळ आणि क्लच शूंची झीज मिळून कव्हरात भुकटी साठते, ती पुली आणि पट्टा यांच्यामध्ये पॉलिश पेपरचं काम करते. कव्हर उघडलं की ब्रशने आणि हवेने ती साफ करून घ्यायची. तोंडाला रुमाल बांधून, कारण ती भुकटी फुफ्फुसांत घेण्यासारखी नव्हे.

किनाऱ्यावर दुखणं वेगळं. हरमल-मोरजीकडे पावसाळाभर माडाखाली उभ्या केलेल्या भाड्याच्या स्कूटरी दिसतात, प्लास्टिकने झाकलेल्या. खारी हवा प्लास्टिकला जुमानत नाही. चार महिने न फिरलेल्या पुलीच्या उघड्या स्टीलवर गंज चढतो, फक्त पट्टा टेकलेला तेवढा भाग सुटतो. ऑक्टोबरात पर्यटक आले, बटण दाबलं, निघाली गाडी. पहिले काही किलोमीटर पट्टा त्या गंजाच्या कानशीवर घासतो. शिवाय चार महिने एकाच जागी वाकून बसलेलं रबर तोच बाक धरतं, म्हणून सुरुवातीला धडधडही जाणवते. स्कूटर बरेच दिवस ठेवायची असेल तर आठवड्या-पंधरवड्याने सुरू करून गल्लीतून एक फेरी मारून आणा. आणि ठेवून दिलेली बाहेर काढताना, जमलं तर, आधी कव्हर उघडून ताटल्या पुसून घ्या.

पाऊस. पावसात भिजल्याने बेल्टला काही होत नाही, कव्हर त्यासाठीच आहे. अडचण येते ती साचलेल्या पाण्यातून जाताना. हवेच्या वाटेने पाणी आत गेलं की ओला पट्टा साबण लावल्यासारखा घसरतो. रेस वाढते, गाडी रांगते. तेव्हा आपण घाबरून आणखी पिळतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. बाजूला घ्या, मेन स्टँडवर लावा, हलक्या रेसवर थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उष्णतेने पट्टा सुकतो. काही कव्हरांना खाली पाणी काढायची नळी असते, तिचं बूच उघडून बघा. पाणी बरंच वर आलं होतं अशी शंका असेल तर मात्र स्टार्टर न मारता गॅरेज गाठा. पाणी इंजिनात गेलं असेल तर तिथलं नुकसान बेल्टच्या कितीतरी पट मोठं. कव्हर उघडून सुकवून घ्या आणि गिअर ऑईलही काढून बघा. ते चहासारखं दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी आहे.

धुताना तीच काळजी. वॉशिंगवाला जोराच्या फवाऱ्याने डाव्या बाजूची हवेची जाळी धुवायला लागला की मी आता सरळ मध्ये जाऊन उभी राहते.

हातातल्या सवयी

चढावर वाहनं तुंबली आहेत. आल्तिनोचा चढ घ्या किंवा आमच्या फेरीचा धक्का. पाय टेकायचा कंटाळा, म्हणून थोडी रेस देत स्कूटर तिथल्या तिथे तोलून धरायची. हे सगळे करतात, मीही करायचे. त्या वेळी क्लच शू बेलला पूर्ण चिकटलेले नसतात, नुसते घासत असतात. तुम्ही म्हणाल, घासतो तो क्लच, बेल्टचं काय जातं? पण क्लच बेल आणि बेल्ट एकाच बंद डब्यात आहेत. बेल तापली की डबा तापतो, आणि इंजिनच्या फेऱ्या मंद असल्याने पंख्याची हवाही कमी. चढावर थांबायचं तर ब्रेकने थांबा. निघायचं असेल तेव्हा रेस एकसारखी, पण ठामपणे द्या, म्हणजे क्लच पटकन पूर्ण धरतो.

वाहतूक कोंडीत माणसाच्या चालीने सरपटत जाण्यातही हेच होतं. पुढच्यात दहा हात अंतर पडू द्या, मग एकदम जा. हॉर्न वाजतील, वाजोत.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पायाशी नारळाचं पोतं, मागे माणूस, माणसाच्या मांडीवर पिशव्या असं दृश्य नवं नाही. थोडं अंतर असेल तर स्कूटर निभावते. पण तसंच चोर्ला घाट चढायला काढलं तर बेल्टला श्वास घ्यायला जागा राहत नाही. केरीपासून पुढे चढ सतत आहे. चढावर भार वाढला की मागची पुली आपोआप पट्टा घट्ट धरून खालचा गिअर देते, ती सोय आत असतेच. पण पूर्ण रेस देऊनही वेग पडतच असेल तर कुठेतरी थांबून दहा मिनिटं दरी बघा. थांबायला घाटात जागा वाईट नाहीत.

मागचा ब्रेक घासत असला, टायरात हवा कमी असली, तरी बेल्ट बिचारा चोवीस तास चढच चढत असतो. आणि गॅरेजात स्टँडवर लावून पूर्ण रेस पिळायची, मग खचकन ब्रेक मारून चाक थांबवायचं, हा जो खेळ चालतो तो पाहिला की पोटात खड्डा पडतो.

उघडून बघताना

तुटायच्या आधी बेल्ट बोलतो. निघताना थरथर, नेहमीच्या वेगाला इंजिनचा आवाज चढा, सरळ रस्त्यावर पूर्वीइतका वेग न येणं, डाव्या बाजूला फटफट, रबराचा वास. यातलं एक जरी नवं वाटलं तरी कव्हर उघडायला सांगा आणि समोर उभे राहा. बेल्ट हातात घ्या, उलटा वाकवा, म्हणजे दाते बाहेर येतील. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत बारीक भेगा दिसतात का बघा. कुशींना आरशासारखी चकाकी, कडेने सुटलेले दोरे, एखादा तुटलेला दाता, यातलं काही दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका. सगळं बरं दिसलं तरी व्हर्निअरने रुंदी मोजायला सांगा. पट्टा रुंदीने झिजतो. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची झीज डोळ्याला दिसत नाही, पण तेवढ्याने तो पुलीत खोल बसतो आणि वेग हरवतो. किती रुंदीला बदलायचा तो आकडा प्रत्येक मॉडेलचा ठरलेला आहे.

नवा घालताना फिटरकाकांनी मला एक गोष्ट मुद्दाम दाखवली. त्यांनी आधी मागच्या पुलीच्या ताटल्या हाताने फाकवून पट्टा तिच्या पोटात खोल दाबला. त्यामुळे पुढे पट्ट्याला ढील मिळाली. मग पुढची ताटली बसवून नट आवळला. घाईत हे केलं नाही तर पट्टा पुढे ताटल्यांच्या मध्ये चिमटला जातो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण तो रबरावर आवळलेला असतो. गाडी चालली की पट्टा जागेवर बसतो, नट सैल होतो, ताटली डुगडुगते आणि क्रँकचे दाते खाऊन टाकते. मग बिल बेल्टचं राहत नाही. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. जुनाच परत घालायचा असेल तर काढण्याआधी खडूने दिशेची खूण. हात कोरडे. आणि बेल्ट नेमक्या त्याच मॉडेलचा, ‘हाही बसतो’ वाला नको.

तरीही वाटेत तुटलाच, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. आतले दोरे पुढच्या शाफ्टला गुंडाळत जातात आणि सीलपर्यंत पोचतात. चाक बहुधा मोकळं फिरतं, म्हणून ढकलता येतं. फिरत नसेल तर तुकडा अडकलाय, जोर करू नका.

माझ्या तिसऱ्या बेल्टने परवा ११ हजार पूर्ण केले. चवथीच्या सामानाची ने-आण सुरू व्हायच्या आधी काकांकडे कव्हर उघडायला दिली. सील कोरडं होतं, बेल्ट चांगला होता, एक रोलर मात्र चपटा निघाला. सगळेच सहा बदलले.